एसटीच्या पाठीवरची बोलणी

“कोनं लिवलं हे? समोर ये म्हना त्याले. तोवर ही गाडी इथून हालत नाही.”

माझे काका शेलूबाजारच्या एसटी थांब्यावर उभे राहून ओरडत होते, आणि ओरडत होते ते एसटीच्या मागच्या पत्र्याकडे तोंड करून. काकांचा आवाज असा की ते घरी जांभई देत तेव्हा मंगरूळपीरच्या बाजारात शेळ्या दावं तोडत. त्या दिवशी तर ते ओरडतच होते, म्हणजे शेळ्यांचं काय झालं असेल ते मंगरूळपीरवाल्यांना विचारा.

कंडक्टर खाली उतरला. “काय झालं, पाटील?”

“वाचता येते ना तुमाले, मास्तर? वाचा.”

पत्र्यावरच्या धुळीत बोटानं लिहिलं होतं : शेलूबाजारच्या पांढऱ्या जोडीतला एक गेला. लई वाईट झालं. आणि खाली सही म्हणून काढला होता एक विंचू.

“मंग?” कंडक्टर म्हणाला. “वाईट झालं असंच लिवलं हाये ना? चांगलं झालं असं थोडंच लिवलं.”

“बैल मेला काल दिवस मावळताना, माह्या गोठ्यात. अन् आज सकाळी कामरगावहून येणाऱ्या गाडीवर लिवलेलं हाये. त्याले कसं समजलं? साप चावून मेला बैल. साप सोडनाऱ्यालेच समजते बैल मेल्याचं.”

थांब्यासमोरचा हॉटेलवाला भजी तळता तळता म्हणाला, “काका, गुरांचा डॉक्टर काल कारंज्याहून आला होता ना तुमच्याकडं? तो शेवटच्या गाडीनं वापस गेला. तीच गाडी कामरगावले मुक्कामी जाते. त्यानंच सांगतलं असल गाडीत.”

काकांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की कढईतलं तेल गार झालं. “तुले लई माहीत हाये बावा,” ते म्हणाले. त्या दिवसापासून संशयितांत हॉटेलवाल्याचीही भर पडली.

आता हे एसटीच्या पाठीवरचं प्रकरण काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल आमचे काका वेडे होते. ते वेडे नव्हते. ते फक्त कुणावर विश्वास ठेवत नसत. स्वतःच्या सावलीलासुद्धा ते चार पावलं पुढं चालू देत.

सत्तरच्या दशकात आमच्याकडचे रस्ते असे होते की एसटी गावात शिरायच्या आधी तिची धूळ शिरायची, चहा पिऊन जायची, आणि मग एसटी यायची. मागच्या पत्र्यावर धुळीचा थर इतका जाड, की त्यात मूग उगवला असता. हे मी हवेत बोलत नाही. मी पेरून पाहिला होता. मोडही आले होते, पण नेमकी डेपोत गाडी धुतली.

तर या धुळीत लोक बोटानं लिहायचे. सुरुवात कुणी केली ते देवालाही ठाऊक नसेल. गाडी कामरगावला मुक्काम करी, सकाळी कारंजा, शेलूबाजार, मंगरूळपीर करत मानोऱ्याला जाई आणि दुपारनंतर तशीच परत फिरे. वाटेत जो तो आपलं बोट चालवून घेई. नाव कुणी लिहीत नसे. प्रत्येकाची एक खूण असे. कामरगावच्या एकाचा विंचू, कारंज्याच्या कुणाची चप्पल, मानोऱ्याकडच्या एकाचा नुसता गोल, आणि शेलूबाजारची छत्री. छत्री म्हणजे मी. काकांना अक्षर येत होतं, पण त्यांच्या मते स्वतःच्या हातानं लिहिणं म्हणजे पुरावा ठेवणं. म्हणून बोलायचे ते, लिहायचो मी.

खरा विषय होता बैलांचा. आमच्या भागात हिवाळ्यात शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपायचे, वर एक हाकणारा धुरकरी, आणि आखलेल्या सरळ पट्टीवरून घड्याळ लावून सोडायचे. हा नाद ज्याला लागला त्याला दुसरं काही सुचत नाही. पण गंमत अशी की बैलांपासून सुरू झालेलं बोलणं कुठंही जाई. कुणी विचारी, कारंज्यात रेडिओचे सेल आले का? खाली चप्पल उत्तर देई, आले पण जुने हायेत, घेऊ नका. कुणी लिही, मिरचीवर काय मारावं? त्याच्या खाली, बायकोले बोलाव, तिच्या जिभेनंच मरते कीड. त्याच्या शेजारी कुणाचा राम राम, कुणाचा जय भीम. एकदा विंचवानं लिहिलं, आज करमत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती पाच गावांची बोटं उमटली होती : काहून? जेवला का? इकडे ये. कारंज्याच्या तंबूत सिनेमा लागला हाये. मले बी करमत नाही.

या सगळ्याला पुढारी नव्हता, मालक नव्हता, वर्गणी नव्हती. पुसायचं काम डेपोतल्या पाण्याकडे. हेच एका पोलीस जमादाराला खटकलं. आणीबाणीचे दिवस होते. जमादार थांब्यावर आला, गाडीच्या मागं हात बांधून उभा राहिला आणि त्यानं कंडक्टरला विचारलं, “याचा अध्यक्ष कोन हाये?”

“कोनीच नाही, साहेब.”

“सेक्रेटरी?”

“तोही नाही.”

“अध्यक्ष नाही अन् मानसं जमतात, हे मले काही बरोबर वाटत नाही.” जमादारानं विंचवाकडे बराच वेळ पाहिलं. विंचू हा कुठल्या तरी गुप्त टोळीचा असावा असा त्याला दाट संशय होता. त्यानं सगळं वाचलं, खालून वर आणि वरून खाली. मग इकडं तिकडं पाहून स्वतःच एक ओळ लिहिली : दुभती म्हैस पाहिजे, गरीब असावी. पुढं त्याला म्हैस मिळाली आणि चौकशी तिथंच राहिली.

पण बैलांच्या बोलण्यात एक रीत होती, आणि ती न कळणाऱ्यानं आमच्याकडं पटाचा नाद करूच नये. स्वतःच्या बैलाबद्दल खरं कुणी लिहीत नसे. नजर लागते. जो बैल वाऱ्याला मागं टाकी त्याच्याबद्दल मालक लिही, आमचं जनावर गोठ्यातून उठत नाही, कसाबसा कडबा खाते. आणि ज्याचा बैल खरंच उठत नसे तो लिही, औंदा सगळ्यांनी घरी बसा. त्यामुळं वाचणारा सगळं उलटं करून वाची. खाली म्हणजे वर, आजारी म्हणजे तयार, येऊ नका म्हणजे याच. आम्हाला इतकी सवय झाली होती की काकू जेवायला वाढून म्हणाली, मीठ बरोबर पडलं का, आणि काका म्हणाले, बरोबर आहे, की ती मीठ आणायला उठे.

आता काकांची अडचण. त्यांची जोडी म्हणजे दोन पांढरे बैल, एकासारखा एक, जणू आरशापुढं एकच उभा आहे. काकूशिवाय कुणाला ते ओळखू येत नसत. आरसासुद्धा गोंधळला असता. त्यातला एक साप चावून गेला. राहिलेल्याला जोडीदार मिळाला नाही तर पट बुडणार, आणि हा पट बुडाला तर पुढचा नव्हता. बैलाचं वय झालं होतं. काका रोज सकाळी त्याचा ओठ वर करून दात पाहत आणि काही न बोलता खाली सोडत. पुढच्या हिवाळ्यात तो पळणार नाही, हे त्यांना कळलं होतं. एवढा एक पट त्याला पळवायचा, मग त्यानं बसून खावं, असं त्यांनी ठरवलं होतं. ही एकच गोष्ट ते ओरडून सांगत नसत.

आणि जोडीदार म्हणजे कुठलाही बैल चालत नाही. बैल लहानपणी ज्या अंगाला जुंपला त्या अंगाचा होतो. डावा बैल जन्मभर जुवाच्या डाव्या बाजूला, उजवा उजव्या. नांगराला एखादे वेळी बाजू बदलून चालवून घेता येतं, पण पळायला लागला की तो आपल्याच जागी जायला बघतो. आमचा मेला तो उजवा. राहिला तो डावा. म्हणजे आम्हाला उजवा पाहिजे होता.

आठ दिवस पत्र्यावर एकच प्रश्न : शेलूबाजारचा कोनता गेला? डावा का उजवा?

“लिव,” काका मला म्हणाले. “डावा गेला. उजवा राह्यला.”

“काका, पन राह्यला तर डावा.”

“लेका, ज्यानं साप सोडला तो आता राह्यलेल्याच्या मांगं लागन. लागू दे उजव्याच्या मांगं. आपल्याकडे उजवाच नाही. बसन शोधत.”

हे ऐकून मला काकांचा असा अभिमान वाटला की मी छत्री नेहमीपेक्षा मोठी काढली.

लिहिल्याच्या तिसऱ्या दिवशी मानोऱ्याच्या फेरीहून परत आलेल्या गाडीवर गोलवाल्याचं उत्तर होतं. तुमचा उजवा राह्यला असल तर माह्याकडे डावा हाये. एकटाच हाये. जमवून घेऊ. आधी येऊन पाहून जा.

काकांनी ते वाचलं. गाडीभोवती एक चक्कर मारली. पुन्हा वाचलं.

“डावा हाये म्हनते. म्हनजे उजवा हाये.”

“हो.”

“पाहून जा म्हनते. म्हनजे येऊ नका.”

“हो.”

“आपल्याले उजवाच पाहिजे. कसं काय जमून आलं हे?” आणि लगेच काकांचा चेहरा बदलला. एखादी गोष्ट जमून आली की त्यांना ताप यायचा. “मले काही हे बरं वाटत नाही. तू जा मानोऱ्याले. कोन मानूस हाये पाहून ये. पन तू कोन ते सांगू नको.”

मी चिंचेचा व्यापारी होऊन गेलो. मानोऱ्याच्या थांब्यावर मी कुणालाही काही विचारलं नाही. गाडीच्या मागं कोण येतो तेवढं दबा धरून पाहत राहिलो. एक उंच, सावळा माणूस आला, चाळिशीचा, खांद्यावर टॉवेल. त्यानं सगळा पत्रा शांतपणे वाचला, शाळेतलं पोर पाठ वाचतं तसा, ओठ हलवत. मग कोपऱ्यात लिहिलं, सेल आमच्याकडे नवे आलेत, आणि खाली गोल काढला. मी त्याच्या शेजारी जाऊन बिडी मागितली.

“मी वढत नाही,” तो म्हणाला. “चहा घेता का?”

चहा घेताना मी गोष्ट हळूहळू बैलाकडे वळवली. वळवायची गरजच नव्हती, तो आधीच तिथं होता. जोडीतला एक बैल धाकट्या भावाच्या वाटणीत गेला, एक याच्याकडे राहिला. याआधी कधी पटात उतरवला नव्हता. पळतो हे बांधावरून गाडी नेताना कळलं.

“मारका असल?” मी विचारलं.

“हाये थोडा. नव्या मानसाले मारते.”

“पळते?”

“पळते.”

“लई पळते?”

त्यानं विचार केला. खरोखरच विचार केला. “लई असं नाही म्हनता येत. बरं पळते.”

मी आजवर बैलाचे मालक पाहिले होते ते दोन जातीचे : एक रडणारे, दुसरे फुशारकी मारणारे. स्वतःच्या बैलाला ‘बरं पळते’ म्हणणारा माणूस मी वऱ्हाडात पाहिला नव्हता, आणि वऱ्हाडाबाहेर मी गेलो नव्हतो.

“अन् चालते कोन्या अंगाले?” मी अगदी सहज, चिंचेच्या व्यापाऱ्याला शोभेल असं विचारलं.

“डाव्या.”

“डाव्याच?”

“हो ना. वासरू होता तवापासून डाव्या. चाला, वावर इथंच हाये. पाहून घ्या एकडाव.”

आता तुम्ही सांगा. धुळीत डावा, तोंडानंही डावा. नवखा खोटं बोलणारा असता तर कुठंतरी चुकला असता. हा चुकत नव्हता. वर वावरात चला म्हणतो. वावरात काय असेल? मारका बैल, दोन भाऊ, एक विहीर. मी म्हणालो मला मंगरूळपीरच्या चिंचा पाहायच्या आहेत, आणि धावत गाडी पकडली. त्यानं चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत, तेव्हा तर माझी खात्रीच झाली.

“काका,” मी घरी येऊन म्हणालो, “मानूस लई पोचलेला हाये.”

“काय म्हने?”

“तोंडावर सांगतलं, बैल डावा हाये.”

“तोंडावर?” काका खाटेवर उठून बसले. “हसला नाही?”

“नाही. पापनी बी नाही लवली.”

काकांना माणूस आवडला होता. इतक्या सफाईनं खोटं बोलणारा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. “मंग उजवाच हाये,” ते म्हणाले. “पक्का उजवा. लिव त्याले. पटाच्या दिवशी मैदानावरच भेटू. आधी कोनी कोनाचं जनावर पाहायचं नाही.”

गोलवाल्यानं उत्तर दिलं : आधी जुंपून पायलं असतं तर बरं झालं असतं. पन तुमी म्हनता तसं. काकांनी ते वाचून माझ्या पाठीवर थाप मारली. “पाय, कसा नाही म्हनून राह्यला. म्हनजे त्यालेबी हेच पाहिजे होतं.”

पट कामरगावच्या अंगाला भरला होता. माणसं इतकी की झाडांना आपल्या फांद्या दिसत नव्हत्या. लाऊडस्पीकर, जिलेबी, रेवड्या, घड्याळवाल्यांसाठी मांडव. काकांनी पांढऱ्याला सकाळीच धुतलं होतं, शिंगांना तेल, गळ्यात घुंगरं. तो मान वर करून उभा होता. गर्दीचा आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा उठत होता, खरंच उठत होता, हे मी वाढवून सांगत नाही. त्याला कळलं होतं कुठं आलोय ते.

मानोऱ्याचा माणूस आपला बैल घेऊन आला. करडा, भरलेला, देखणा. मला पाहून तो म्हणाला, “चिंचा मिळाल्या का?” एवढंच. काकांनी नमस्कार केला आणि त्याच्या कपाळाकडे पाहिलं, डोळ्यांकडे नाही. डोळ्यांत पाहिलं की माणूस फसतो, असं त्यांचं म्हणणं.

जोडीचं नाव पुकारलं गेलं, म्हणजे गावांची नावं, आणि छकडा आणला. काकांनी पांढऱ्याला जुवाकडे नेलं. तो सवयीनं डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. मानोऱ्याच्या माणसानं करड्याला सोडलं. तोही चालत आला आणि डाव्याच अंगाला, पांढऱ्याच्या बाजूला, खांद्याला खांदा लावून उभा राहिला. जुवाची उजवी बाजू मोकळी. दोन्ही बैल डावीकडं, दोघंही आज्ञाधारकपणे मान खाली घालून, जूं पडायची वाट पाहत.

गर्दीत कुणीतरी हसलं. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, “शेलूबाजार–मानोरा, लवकर करा.”

मानोऱ्याचा माणूस काकांकडे पाहत होता. काका माझ्याकडे. मी मांडवाकडे.

“उजवीकडं घ्या त्याले,” काका करड्याकडे बोट करून म्हणाले. करड्याला उजवीकडं घेतलं. जुंपलं. धुरकरी वर चढला आणि सुटले. पुढचं मी शपथेवर सांगतो. पट्टी सरळ होती, पण ती जोडी सरळ गेली नाही. करडा डावीकडं आपल्या जागेवर यायला दाबत होता, पांढरा त्याच्या भारानं डावीकडं ढकलला जात होता. छकडा वाकडा होत होत गोल फिरला, मांडवाचा एक खांब घेऊन गेला, घड्याळवाले तिघं हवेत असतानाच वेळ मोजत राहिले, जिलेबीची कढई उडाली आणि आजूबाजूच्या पाच गावांत त्या संध्याकाळी जिलेबी पडली. धुरकरी उडाला तो बाभळीवर बसला. जोडी गर्दीतून वाट काढत थेट रस्त्यावर गेली आणि उभ्या एसटीच्या मागं येऊन थांबली, धापा टाकत, पत्र्याला नाक लावून.

माणसाला, जनावराला कुणालाच फार लागलं नाही. पण पटाचा नियम असा की एकदा पट्टी सोडली की त्या वर्षापुरतं संपलं.

आम्ही धावत तिथं पोचलो. काकांनी पांढऱ्याच्या गळ्यातलं जूं स्वतः काढलं. मग त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. ओरडले नाहीत. त्यांना न ओरडता पाहून मलाच भीती वाटली. पांढरा अजून पळायच्या तयारीत होता, पुढचा पाय आपटत होता. त्याला वाटत होतं आता पुन्हा सोडतील.

मानोऱ्याचा माणूस आपल्या बैलाचं अंग पुसत होता.

काका त्याच्याकडे न पाहता म्हणाले, “तुमचा डावा हाये.”

“हो.”

“तुमी डावा लिवलं होतं.”

“हो. यालेबी सांगतलं होतं.” त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

“बैलाचं खरं असं कोनी लिवते का?”

त्या माणसानं टॉवेल पिळला, खांद्यावर टाकला.

“मले वाटलं, तुमीबी खरंच लिवता.”